शाळेतली डोळ्यांची तपासणी: एकेक डोळा झाकून बघितलाय का कधी?

दुपारसावली

मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत आहे. गेल्या शनिवारी तिचं दप्तर धुवायला काढलं तर अगदी तळाला चार घड्या घातलेली एक चिठ्ठी निघाली, शाळेच्या आरोग्य तपासणीची. उजवा डोळा ६/६, डावा डोळा ६/२४, खाली लिहिलेलं "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे" आणि तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

मला आधी वाटलं चिठ्ठी दुसऱ्या कोणाची तरी आली असेल. कारण पोरगी कधी एका शब्दाने बोलली नाही की दिसत नाही म्हणून, आजीला रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवते, रंगवताना रेषेबाहेर जात नाही, टीव्हीला चिकटून बसत नाही, म्हणजे आपण ज्या खुणा ऐकलेल्या असतात त्यातली एकही नाही. तरी चैन पडेना म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरपासून चार पावलं लांब उभं केलं, तिचा डावा डोळा माझ्या तळहाताने झाकला, भराभर आकडे वाचले. मग उजवा झाकला तर एकदम गप्प. आणि दोन सेकंदांनी माझं मनगट धरून हात खाली ओढायला लागली, "आई हात काढ ना." परत झाकला, परत ओढला. म्हटलं या डोळ्याने दिसत नाही का गं, तर म्हणते, "तो डोळा असाच आहे."

असाच आहे. जन्मापासून तिला तसंच दिसत असणार, तर ती तक्रार तरी काय करणार.

अपॉइंटमेंट घेतली आहे परवाची. तोपर्यंत जीव टांगणीला लागलाय म्हणून इथे विचारते. शाळेत पाच मिनिटांत केलेल्या तपासणीचा आकडा कितपत खरा धरायचा? दोन महिने माझ्यामुळे वाया गेले त्याने किती बिघडलं असेल? आणि तिच्या वर्गात अजून किती दप्तरांच्या तळाशी अशा चिठ्ठ्या पडून असतील हे तर डोक्यातून जातच नाहीये.

काजवा

ताई वाचता वाचता उठलो आणि मुलाचा एकेक डोळा झाकून बघितला. सात वर्षांत एकदाही हे सुचलं नव्हतं.

सहाबायसहा

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांची नजर आणि नंबर तपासणारी, लहान मुलांचंच काम जास्त करते. पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नका, दुसरी म्हणजे परवाची अपॉइंटमेंट काही झालं तरी पुढे ढकलू नका.

६/२४ चा अर्थ असा की ज्या आकाराचं अक्षर चांगल्या नजरेला २४ मीटरवरून ओळखू येतं ते तिच्या डाव्या डोळ्याला ६ मीटरवर आणल्यावर ओळखू येतंय. ही मोजायची पद्धत स्नेलन नावाच्या डच डॉक्टरांची, १८६२ सालची, आणि अजून तीच चालते. शाळेतला आकडा एखाद-दुसऱ्या ओळीने इकडेतिकडे होऊ शकतो, पण एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला ६/२४ हा फरक हात हलला, उजेड कमी होता, मूल कंटाळलं अशा कारणांनी सहसा येत नाही. त्यात तुम्ही घरी जे बघितलंत ना, चांगला डोळा झाकल्यावर हात ओढणं, ते आम्ही दवाखान्यात अगदी छोट्या, बोलता न येणाऱ्या बाळांमध्ये मुद्दाम बघतो. एक डोळा झाकला तर बाळ खेळत राहतं आणि दुसरा झाकला की रडतं, हात झटकतं, म्हणजे कळतं की उघडा राहिलेला डोळा कामाचा नाही.

बहुतेक हा आळशी डोळा निघेल, ॲम्ब्लायोपिया. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला किंवा एक डोळा तिरळा असला की मेंदूला एका डोळ्याकडून स्वच्छ चित्र मिळतं आणि दुसऱ्याकडून धूसर, मग मेंदू धूसरवाल्याचं ऐकणंच हळूहळू बंद करतो. ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीच्या दिवसांत बंद ठेवून हे दाखवलं होतं, डोळा नंतर उघडला तरी मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतलेली होती. त्या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं. लहान वयात मेंदूतली ही जोडणी अजून पक्की झालेली नसते आणि तोच आपला फायदा, सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर बऱ्याच मुलांची नजर चांगली सुधारते. तुमची मुलगी साडेसहाची आहे. दोन महिने गेले ते गेले, पण बस काही चुकलेली नाही.

निळीफाईल

मी शाळांमधून आरोग्य तपासणी करणारी नर्स, सतरा वर्षं झाली या कामाला. आकडा कितपत खरा हे तुम्ही विचारलंत म्हणून आतली बाजू सांगते, लांबेल पण सांगते.

वर्गच्या वर्ग रांगेत उभा असतो. तक्ता भिंतीला, जमिनीवर खडूची रेघ. सगळ्यात पहिली चूक होते ती रांगेचीच, रांग तक्त्याकडे तोंड करून उभी केली तर पाचव्या मुलापर्यंत ओळ सगळ्यांना तोंडपाठ होते. माझ्यासमोर एका मुलाने तक्त्याकडे न बघता माझ्याकडे बघून अख्खी ओळ म्हणून दाखवली आहे, चेहऱ्यावर एवढा आनंद की आता शाबासकी मिळणार. त्या दिवसापासून रांग दाराबाहेर, आणि अक्षरांच्या ऐवजी इंग्रजी ई चा तक्ता घेते, त्याची तोंडं चारी दिशांना असतात आणि मुलाने हाताने दिशा दाखवायची, दर मुलाला मी मधूनच कुठलाही ई दाखवते.

दुसरी चूक झाकण्याची. मुलाला सांगितलं "हाताने डोळा झाक" की ते बोटं लावतं, आणि बोटांच्या फटीतून बघतं. खोटेपणा नसतो त्यात, कमजोर डोळ्याने दिसेना की मान आपोआप वळते आणि चांगला डोळा फट शोधतो. मी बाजूला बसून बघितलंय, मूल उत्तर देताना मान किंचित तिरकी झाली की समजायचं आता दुसरा डोळा कामाला लागला. म्हणून चमच्यासारखं झाकण वापरायचं, नाहीतर सरळ चिकटपट्टी. आणि दाबायचं नाही, डोळा दाबला की झाकण काढल्यावर त्याच डोळ्याने थोडा वेळ धूसर दिसतं आणि त्याचा आकडा उगाच खराब येतो.

तिसरं, डोळे बारीक करणं. पापण्या आवळल्या की मायनस नंबरवाल्याला दोन ओळी जास्त दिसतात. "डोळे मोठे ठेव बाळा" हे मी दिवसातून दोनशे वेळा म्हणत असेन.

आणखी एक, काही ठिकाणी एकेक सुटं अक्षर दाखवतात कारण पटापट होतं. आळशी डोळा नेमका तिथे निसटतो, त्याला सुटं अक्षर ओळखता येतं पण शेजारी अक्षरं असली की गर्दीत हरवतं. म्हणून पूर्ण ओळ दाखवायची, किंवा अक्षराभोवती चौकट असलेली कार्डं.

अक्षरं न येणाऱ्या लहानांसाठी चित्रांचा तक्ता असतो, सफरचंद, घर, गोल, चौकोन, फिनलंडच्या डॉ. लेआ ह्युव्हारिनेन यांनी १९७६ च्या सुमाराला तयार केलेला. त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे ती चारही चित्रं धूसर दिसायला लागली की सगळी गोलच वाटतात, त्यामुळे अंदाजाने बरोबर सांगता येत नाही.

आता चिठ्ठी कधी देतो. नियम जागोजागी थोडे वेगळे, पण साधारण चार वर्षांच्या मुलाला ६/१२ ची ओळ यायला हवी, पाचच्या पुढे ६/९ च्या आसपासची, आणि दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक असेल तर पास असला तरी पाठवायचंच. तुमच्या मुलीच्या चिठ्ठीवर ज्या कोणी ६/२४ लिहिलंय तिने नीट झाकून बघितलंय एवढं मी नक्की सांगू शकते, कारण नीट झाकलं नसतं तर दोन्हीकडे ६/६ आलं असतं आणि चिठ्ठी आलीच नसती.

दुपारसावली

शेवटचं वाक्य वाचून डोळे भरून आले. तिने तिचं काम केलं होतं आणि पुढचं माझ्या घरात अडकलं.

रात्रपाळी

आमचा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो. मुलगा आठ वर्षांचा, शाळेच्या तपासणीत दोन्ही डोळे ६/६, शेरा "उत्तम". आम्ही निर्धास्त. आणि घरी मात्र वाचायला बसला की दहा मिनिटांत डोकं दुखतं, डोळे चोळतो, ओळ सुटते, बोट ठेवून वाचतो, मग पुस्तक लांब. आम्ही म्हणायचो अभ्यासाची टाळाटाळ. रागावलो पण त्याला, हात नाही उचलला पण बोललो बरंच, त्याचं आता फार वाईट वाटतं. शेवटी बायको म्हणाली एकदा दाखवू तर खरं, आणि ड्रॉप घालून तपासलं तर दोन्ही डोळ्यांना प्लस साडेतीन.

मग शाळेतल्या तपासणीत हे आलं कसं नाही?

सहाबायसहा

दादा, तपासणी करणाऱ्यांची चूक नसेल त्यात. लांबचा तक्ता प्लस नंबर पकडायला कमीच पडतो. मुलांच्या डोळ्यातली भिंग फार लवचिक असते, प्लस नंबर असला तरी आतला स्नायू जोर लावून चित्र स्वच्छ करतो, त्यामुळे तक्त्यासमोर अर्धा मिनिट ते ६/६ वाचून दाखवतात. पण पुस्तक जवळ धरलं की लांबचा जोर अधिक जवळचा जोर, असा दुप्पट भार पडतो आणि तो तासभर टिकत नाही. काही मुलांचा या जोरापायी डोळा नाकाकडे वळायला लागतो, संध्याकाळी दमल्यावर तर हमखास.

ड्रॉप घालतात ते यासाठीच, तो स्नायू थोडा वेळ झोपवला की खरा नंबर लपत नाही. सायक्लोपेंटोलेट असेल तर साधारण दिवसभरात उतरतं, ॲट्रोपिन असेल तर जवळचं धूसर दिसणं आणि उजेडाचा त्रास आठवडाभर, कधी दोन आठवडेही राहतो, हे आईवडिलांना आधी सांगितलं नाही तर ते घाबरून जातात. काही शाळांच्या तपासणीत प्लस दोनची भिंग लावून लांबचा तक्ता परत वाचायला लावतात. चांगल्या डोळ्याला त्या भिंगेतून धूसर दिसायला हवं. तरीही मूल भराभर वाचत असेल तर प्लस नंबर लपलेला आहे असं समजून पाठवायचं.

म्हणून सगळ्यांनाच सांगते, शाळेतली तपासणी म्हणजे चाळणी आहे. चाळणीतून पास झालं तरी मूल डोकं धरून बसत असेल, एक डोळा मिटून वाचत असेल, मान कायम एका बाजूला कलत असेल, तर "शाळेत उत्तम म्हणाले" या शेऱ्यावर थांबू नका.

साधाविचार

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. इतक्या लहान वयात चष्मा लावला की डोळ्याला सवय लागते आणि नंबर वाढतच जातो हे मी आमच्याच घरात बघितलंय. भावाच्या मुलीला दुसरीत चष्मा लागला, आता नववीत मायनस साडेपाच आहे. आणि मुलगी आहे म्हटल्यावर चेहऱ्याचाही विचार येतो, खरं सांगतो. शाळेत असं सरसकट सगळ्यांना तपासून चष्मे लावत सुटण्यापेक्षा डोळ्यांचे व्यायाम, गाजर वगैरे आधी करून बघू नये का?

सहाबायसहा

काका राग कशाला मानू, हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं आणि विचारणारा प्रेमापोटीच विचारतो.

मायनस नंबर वाढतो कारण डोळ्याचा गोळा मागच्या बाजूने लांब होत जातो, मूल उंच होतं त्या वयात तोही वाढतो. चष्मा लावला नसता तरी तुमच्या पुतणीचा डोळा लांब झालाच असता, फक्त दुसरीपासून नववीपर्यंत तिला फळा दिसला नसता. मुद्दाम कमी नंबर देऊन वाढ थांबते का हेही लोकांनी करून बघितलंय, मलेशियातल्या मुलांवरचा २००२ सालचा एक अभ्यास आहे, त्यात कमी नंबर दिलेल्यांचा मायनस उलट जास्त वाढला. जीवनसत्त्व अ कमी असेल तर ते नक्की द्यायला हवं, ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, पण गाजराने नंबर जात नाही.

वाढ थोडी रोखायची तर घराबाहेरचा उजेड कामाला येतो. चीनमधल्या ग्वांगजोमध्ये बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग केला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा जास्तीचा तास मैदानात घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता आणि बाकीच्या शाळांत सुमारे ४० टक्के. म्हणजे शाळेने खेळाचा तास गणिताला देऊ नये एवढं तरी आपण मागू शकतो.

आणि ताईंच्या मुलीची गोष्ट तर पूर्ण वेगळी आहे. तिथे चष्मा हेच औषध आहे, तो नाही लावला तर डोळा आहे तिथेच राहील.

उजवीकडचा

काका, मला बोलावंसं वाटतं इथे. मी तो मुलगा आहे ज्याला चष्मा लावला नाही.

माझा डावा डोळा कामाचा नाही हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं, नोकरीच्या मेडिकलमध्ये. रांगेत उभा होतो, उजवा डोळा झाकायला सांगितला आणि समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं एकच अक्षर दिसत होतं, तेही त्याच्याकडे नीट बघितलं की नाहीसं होणारं. मला वाटलं तक्त्याला काहीतरी झालं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, लहानपणी कधी कोणी तपासलं नव्हतं का. तपासलं होतं. दरवर्षी. दोन्ही डोळे उघडे ठेवून, फळ्यावरचं वाचून घ्यायचे, सगळे पास. आमच्या शाळेत कोणी कधी डोळा झाकायला सांगितलाच नाही.

ती नोकरी गेली. दुसरी मिळाली, संसार चांगला चाललाय, रडगाणं नाही गात. पण समोरून फेकलेला चेंडू मला अजून झेलता येत नाही, ग्लासात पाणी ओतताना मी ग्लासाच्या काठाला जग टेकवूनच ओततो, आणि हे सगळे करत नाहीत हेसुद्धा मला बायकोने सांगितलं तेव्हा कळलं. सगळ्यात मोठी भीती म्हणजे एकच डोळा आहे. उजव्यात कचरा गेला, लाल झाला, तरी दिवसभर जीव मुठीत असतो. ग्राइंडर हातात घेताना गॉगल घातल्याशिवाय मी मशीन चालूच करत नाही.

सहा वर्षांचा असताना कोणी तळहात ठेवला असता तर. एवढंच.

साधाविचार

दादा तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चेहऱ्याचं बोललो ते मागे घेतो. नातवाचा डोळा आज संध्याकाळी मी स्वतः झाकून बघतो.

खडूधूळ

प्राथमिकला शिकवते, चौथीचा वर्ग. शिक्षकांची बाजू मांडते.

तपासणीच्या दिवशी आमच्या हातात यादी येते, मग चिठ्ठ्या वाटतो आणि आमच्याकडून काम संपतं, खरं म्हणजे तिथूनच सुरू व्हायला हवं. गेल्या वर्षी मी एक साधी वही केली. चिठ्ठी दिलेल्या मुलांची नावं, समोर तीन रकाने, चिठ्ठी घरी पोचली का, डॉक्टरांकडे जाऊन आले का, चष्मा वर्गात रोज घालतो का. पंधरा दिवसांनी पहिला रकाना भरायला घेतला तर अकरापैकी फक्त चार घरांना चिठ्ठीचा पत्ता होता. दोन मुलांनी ती मुद्दाम लपवली होती, "नापास" झालो असं वाटून. तपासणीला पास-नापास म्हणायचं मी त्या दिवशी बंद केलं.

तिसरा रकाना सगळ्यात अवघड जातो. चष्मा येतो आणि दप्तरात राहतो. कोणीतरी काहीतरी चिडवलेलं असतं. एक मुलगी चष्मा फक्त फळ्यावरचं उतरवून घेताना लावायची आणि मी वळले की पटकन काढायची. मग मी माझा जवळचा चष्मा, जो मी पर्समध्ये ठेवायचे, तो वर्गात दिवसभर लावायला सुरुवात केली, काही बोलले नाही. आठवडाभराने तिचा टिकला डोळ्यांवर.

वर्गात कोणाकडे लक्ष ठेवावं तर जो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो, फळ्यासमोर येऊन उभा राहतो, ज्याचं तोंडी सगळं बरोबर पण फळ्यावरून लिहिलेलं चुकतं. अशांना आपण फार पटकन धांदरट म्हणून टाकतो.

सहाबायसहा

बाई तुमच्या तिसऱ्या रकान्याला हात जोडते. मी आधी ज्याचा उल्लेख केला तो मैदानाचा अभ्यास, तसाच चीनमधला चष्म्यांचाही एक मोठा अभ्यास आहे, २०१४ सालचा, अडीचशेच्या वर शाळा, चौथी-पाचवीची मुलं. ज्यांना चष्मे फुकट दिले त्यांचे वर्षअखेरीला गणिताचे मार्क बाकीच्यांपेक्षा वर गेले. पण न सांगता जाऊन बघितलं तेव्हा फुकट चष्मा मिळालेल्यांतही ४१ टक्के मुलांच्याच डोळ्यांवर तो होता. चष्मा वाटून काम होत नाही, तुमच्यासारखं रोज बघणारं कोणीतरी वर्गात लागतं.

काजवा

थोडं अवांतर. ते कॅमेऱ्यासारखं यंत्र असतं ना, लांबून फोटो काढून सांगतं, ते आलं की तक्ता लागणारच नाही का?

निळीफाईल

लागतो. ते यंत्र डोळ्याच्या बाहुलीतून परत येणाऱ्या उजेडावरून नंबरचा आणि तिरळेपणाचा अंदाज देतं, मुलाला बोलावं लागत नाही, त्यामुळे तीन-चार वर्षांच्यांना आणि जी मुलं तक्त्याला उत्तर देऊ शकत नाहीत त्यांना फार उपयोगी. पण मुलाला प्रत्यक्षात किती दिसतंय हे ते मोजत नाही. उत्तर देता येणाऱ्या मुलाला तक्ताच बरा.

फोटोचा विषय निघालाच आहे तर एक तातडीचं सांगते. फ्लॅशने काढलेल्या फोटोत दोन्ही बाहुल्या लाल दिसणं ठीक. एक लाल आणि एक पांढरी, मांजरीच्या डोळ्यासारखी चमकणारी दिसत असेल तर शाळेच्या तपासणीची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर. बऱ्याचदा काही नसतं, कधी मोतीबिंदू असतो, आणि क्वचित रेटिनाचा कॅन्सर असतो, तो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो आणि लवकर सापडला तर जीव आणि पुष्कळदा डोळाही वाचतो.

दुपारसावली

जाऊन आलो. ड्रॉप घातले, तासभर थांबलो, पोरगी उजेडाला डोळे मिटून माझ्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. उजव्याला प्लस एक, डाव्याला प्लस साडेचार. तिरळेपणा नाही, मागचा पडदा स्वच्छ. आळशी डोळाच आहे. डॉक्टरांनी समजावलं की दोन्ही डोळे जोर लावतात तो सारखाच लावतात, उजव्याला पुरेल एवढा जोर लागला की मेंदू खूश, डावा बिचारा कायम धूसरच राहिला.

आत्ता फक्त चष्मा, पूर्ण वेळ. काही आठवड्यांनी परत तपासून मग चांगला डोळा झाकायच्या पट्टीचं ठरवणार. मी म्हटलं आजच सुरू करा ना पट्टी, तर म्हणाले घाई नको. बरोबर आहे का हे?

सहाबायसहा

एकदम बरोबर. नुसत्या चष्म्यानेच बऱ्याच मुलांची नजर दोन-तीन ओळी वर येते, २००६ च्या एका अभ्यासात तर साधारण पाव मुलांचा आळशी डोळा पट्टीशिवायच पूर्ण सुधारला. मग जे उरेल त्यासाठी पट्टी, चांगल्या डोळ्यावर. पूर्वी दिवस दिवस पट्टी लावायचे. २००३ मध्ये तुमच्या मुलीएवढ्या नजरेच्या, सात वर्षांच्या आतल्या मुलांवर तुलना झाली, रोज दोन तास आणि रोज सहा तास, चार महिन्यांनी दोन्हीकडे सुधारणा सारखीच. त्यामुळे दोन तास सांगितले तर कमी वाटून घेऊ नका, फक्त ते दोन तास खरे व्हायला हवेत.

आणि ज्यांची मुलं मोठी आहेत आणि हे वाचून हबकलेत त्यांच्यासाठी, २००५ मध्ये सात ते सतरा वर्षांच्या मुलांवरही काम झालंय. मोठ्यांमध्ये फरक कमी पडतो, पण ज्यांच्यावर आधी कधी उपचारच झाले नव्हते अशा तेरा-चौदा वर्षांच्या मुलांतही काहींची नजर वाढली. उशीर झाला म्हणून दाखवायचंच नाही असं करू नका.

रात्रपाळी

आमच्याकडचं सांगायचं राहिलं. चष्मा येऊन महिना झाला. काल रात्री पांघरुणात टॉर्च घेऊन वाचत होता. रागावणार होतो, मग दार ओढून घेतलं.

दुपारसावली

पाच महिने झाले, अपडेट द्यायचं राहिलं होतं. चष्म्याने सात आठवड्यांत डावा ६/१८ वर आला. मग रोज दोन तास पट्टी, शाळेतून आल्यावर. पहिला आठवडा घरात नुसती रडारड, पट्टी लावली की जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरायची, बघवत नव्हतं. आजीने पुढाकार घेतला, रोज पट्टीच्या वेळेला दोघी मिळून तांदूळ निवडायच्या, मणी ओवायच्या. गेल्या तपासणीत ६/१२. अजून चालू आहे.

शाळेच्या पालकसभेत खडूधूळ बाईंची वही दाखवून आले. आता चिठ्ठीसोबत घरी फोन जातो आणि खालचा भाग सही करून परत मागवतात.

एक प्रश्न मात्र आहे, पट्टीच्या चिकटाने गालावर पुरळ यायला लागलंय, म्हणून चष्म्यावर बसणारी कापडी खोळ शिवली आहे. चालेल ना?

सहाबायसहा

वा, दोन ओळी अजून आणि मग आपण बोलू! कापडी चालते पण नाकाच्या बाजूला आणि वरून फट राहत नाही ना ते बघा. राहत असेल तर पट्टीच बरी, जागा थोडी बदलत लावा, काढताना कोमट पाण्याने ओली करून काढा. तरी पुरळ थांबलं नाही तर डॉक्टरांना विचारा, चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून तो धूसर ठेवायचा हाही मार्ग आहे, बऱ्याच मुलांत पट्टीइतकाच चालतो.

दुपारसावली

आत्ता जाऊन बघितलं. मणी ओवताना मान उजवीकडे वळवून नाकाजवळच्या फटीतून उजव्याने बघत होती. खोळ उसवली, आतून अजून एक पट्टी लावून शिवते.